आमच्या वर्गाने आजारी पाडलेली नऊ माणसं

आमच्या व्यायामवर्गाने बारा आठवड्यांत नऊ धडधाकट माणसांना पार आजारी पाडलं, हे कौन्सिलच्या कागदावर सिद्ध झालेलं आहे. आणि ते सिद्ध करणारे आकडे मी स्वतः, माझ्या हाताने, माझ्या शाईने लिहून पाठवलेले होते. हॉलिनडेनच्या बस डेपोत मी एकतीस वर्षं वेळापत्रक सांभाळलं. पाच सत्तावीसची गाडी पाच अठ्ठावीसला का सुटली, हे आजही कोणीही येऊन विचारावं. तेव्हा बेरीज चुकली असेल असं कोणाच्या मनात येत असेल तर ते आधी काढून टाका. बेरीज बरोबर होती. चुकली होती ती माणसं, आणि त्यांत मीही आलो.

नोरीनला, म्हणजे माझ्या बायकोला, कंपवात आहे. हात थरथरतात, पण तिचा खरा छळ पायांचा. चांगली चालत असते आणि एकदम पाय जमिनीला चिकटतात. विशेषतः दारात. दाराची चौकट दिसली की पाय संपावर जातात. हॉस्पिटलने आठ आठवडे खास व्यायाम शिकवले. बेथन नावाची वेल्सकडची एक खटपटी बाई शिकवायला होती आणि नोरीन खरोखर सुधारायला लागली होती. आठ आठवडे झाले आणि हॉस्पिटलने गोड हसून निरोप दिला. पुढचा वर्ग बावीस मैलांवर, दोन बस बदलून. त्यातली दुसरी बस पहिली पोचायच्या चार मिनिटं आधी सुटते. हे मला कोणी सांगायला नको, कारण ते वेळापत्रक मीच आखलं होतं.

त्या संध्याकाळी मी जाहीर करून टाकलं, "आपण आपलाच वर्ग काढू."

"कोण आपण?" नोरीनने विचारलं.

"आपण म्हणजे मी."

"बरं," ती म्हणाली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली की 'बरं' या शब्दाचे अर्थ कळायला लागतात. हा 'बरं' म्हणजे 'हौस फिटू दे' होता. पण मी असा काही पेटलो होतो की मला तो प्रोत्साहनाचा वाटला. बेथनला फोन केला, ती आठवड्यातून एकदा यायला तयार झाली, आणि मला नोकरीतल्या पहिल्या दिवसासारखं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून क्लाइव्हने गाठलं. क्लाइव्ह हा शेजारी, निवृत्त प्लंबर. जगातल्या कुठल्याही विषयात त्याचा एक मेहुणा असतो.

"माझ्या मेहुण्यानेही असाच वर्ग काढला होता," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. वारला."

"व्यायामाने?"

"ते काही कळलं नाही. पण काढायला नको होता."

एवढं बोलून तो आमच्या मंडळाचा संचालक व्हायला तयार झाला. लोकोपयोगी मंडळ नोंदवायचं तर संचालक लागतात. मी, क्लाइव्ह आणि विल्फ सगडेन. विल्फ पूर्वी खाटिक होता, हॉस्पिटलच्या वर्गात नोरीनच्या शेजारी बसायचा. नाव ठरलं 'स्थिर पाऊल मंडळ'. सरकारी फॉर्मात एक रकाना होता: या मंडळाचा लाभ कोणत्या समाजघटकाला होईल? मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'नोरीन.' फॉर्म परत आला. एक व्यक्ती म्हणजे समाजघटक होत नाही म्हणे. मी लिहिलं, 'नोरीन आणि विल्फ.' तोही परत आला. तिसऱ्यांदा बेथनने माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि स्वतः काहीतरी लिहिलं. ते मंजूर झालं. काय लिहिलं होतं ते मी आजवर वाचलेलं नाही. अपमान तो अपमानच.

आता हॉल. आमच्या गावात चॅपलमागचा हॉल मिळवणं म्हणजे मुलगी दाखवायला नेण्यासारखं. हॉल कमिटीच्या सचिव मिसेस हार्डकासल आमच्या समोरच्याच घरात राहतात. रस्त्यात भेटल्या की हवेबद्दल बोलतात, पावसाला नावं ठेवतात, गोड हसतात, घरी जातात आणि चिठ्ठी लिहून आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवतात. तोंडावर कटू बोलणं आमच्याकडे असभ्य समजतात. पहिली चिठ्ठी आली ती अशी: गुरुवारी सकाळी दहा ते बारा हॉल बारा आठवड्यांसाठी, चाचणी म्हणून. त्यानंतर कौन्सिलच्या आरोग्य खात्याचा माणूस येऊन वर्गाचा खरंच उपयोग होतो का ते पाहील. होत असेल तर गुरुवार तीन वर्षं आमचा. नसेल तर तो गालिच्यावरच्या चेंडूंच्या क्लबाला. ही मंडळी हॉलभर लांब गालिचा अंथरून त्यावर चेंडू घरंगळवतात आणि याला खेळ म्हणतात. त्यांचा कप्तान त्या गुरुवारावर दोन वर्षं टपून होता.

पहिल्याच आठवड्यात आम्ही जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या, फूट-फूट अंतरावर आडव्या. ज्यांचे पाय अडकतात त्यांना समोर रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलतो. का ते डॉक्टरांनाही नीट ठाऊक नाही, पण उचलतो. नोरीन त्या पट्ट्यांवरून अशी काही चालली की मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्याच्या भरात पट्ट्या काढायला विसरलो. पुढच्या बुधवारी तिथे जोडीनृत्याचा वर्ग होता. वॉल्ट्झ सुरू झालं आणि सगळी जोडपी नकळत रेघा ओलांडायला लागली. वॉल्ट्झची परेड झाली. एक गृहस्थ दुसऱ्याच बाईंबरोबर हॉलच्या टोकाला पोचले म्हणतात. चिठ्ठी आली.

दुसऱ्या आठवड्यात चहाच्या किटलीची चिठ्ठी आली. हॉलमध्ये प्रत्येक मंडळाची आपली किटली आणि आपलं कुलूपबंद कपाट असतं. मला वाटलं, किटली ती किटली. मी जी उचलली ती चेंडूवाल्यांची निघाली. त्यांचा कप्तान तीन आठवडे माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलत होता.

तिसऱ्या आठवड्यात कमिटीने वर्गातल्या धोक्यांची यादी मागितली. मी बसून एकेचाळीस धोके काढले. त्यात बिस्किट होतं, कारण घशात अडकू शकतं. क्लाइव्ह म्हणाला, चॉकलेटचं बिस्किट वेगळं लिही. लिहिलं. कमिटीने उत्तर पाठवलं की एवढे धोके असतील तर वर्ग न घेणंच बरं. मग मी यादी नऊवर आणली.

पण वर्ग. काय सांगू तुम्हाला. नऊ माणसं आणि बेथन. बेथन हातात डफ घेऊन मधोमध उभी राहायची आणि ठेका धरायची. त्या ठेक्यावर मोठी मोठी पावलं, हात उंच, मान ताठ. मग मुष्टियुद्ध. हो, खरंच. गादीवर गुद्दे मारायचे, त्याने तोल सुधारतो. गादी धरायचं काम क्लाइव्हकडे होतं. विल्फने चाळीस वर्षं बैल फोडले होते. दुसऱ्याच गुद्द्याला क्लाइव्ह गादीसकट खुर्च्यांच्या ढिगात जाऊन बसला आणि तिथूनच म्हणाला, "माझ्या मेहुण्याचंही असंच झालं होतं." जॉयस एलरशॉ, आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, इतक्या हसल्या की त्यांनाच धरावं लागलं. दर गुरुवारी मी घरी यायचो ते जत्रेतून आल्यासारखा.

आता फॉर्मांकडे येतो. बेथनने पहिल्या दिवशी सगळ्यांना दहा प्रश्नांचा एक फॉर्म दिला होता. चालताना त्रास होतो का, बटण लावताना होतो का, अंथरुणात कूस बदलताना होतो का. प्रत्येकासमोर शून्य ते चार आकडा लिहायचा. बाराव्या आठवड्यात तोच फॉर्म पुन्हा भरायचा. गोळा करून बेरीज करायचं काम अर्थातच माझं. पहिल्या दिवसाची बेरीज, नऊ माणसांची मिळून, चौदा. बाराव्या आठवड्याची, दोनशे तीन.

चौदावरून दोनशे तीन. मी तीनदा तपासली. मग हॉलच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावली, एक प्रत कौन्सिलला पाठवली, आणि घरी येऊन नोरीनला उचलायला गेलो. तिने कंबर सांभाळ म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. "प्रिय मिस्टर बिनन्स, फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं आहे की शून्य म्हणजे त्रास नाही आणि चार म्हणजे अजिबात जमत नाही. आपल्या लक्षात आणून द्यावं असं वाटलं. सहानुभूतीपूर्वक, डब्ल्यू. हार्डकासल."

मी फॉर्म काढला. चष्मा लावला. तळाशी तसंच लिहिलं होतं. मला ते परीक्षेतले गुण वाटले होते. एकतीस वर्षं बारीक अक्षरांतली वेळापत्रकं छापणारा मी, आणि मीच तळटीप वाचली नव्हती. तसाच फॉर्म उचलून मी बेथनकडे गेलो.

बेथनने फॉर्म चाळले आणि तिला एका मिनिटात कळलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी जवळजवळ सगळीकडे शून्यच लिहिलं होतं. विल्फने तर आकड्याच्या जागी 'उत्तम, आभारी आहे' लिहिलं होतं.

"मिस्टर बिनन्स, हे खोटं बोलले," ती म्हणाली.

"खोटं नाही. सभ्यपणे वागले," मी म्हणालो.

तिला ते कळायचं नाही, ती वेल्सची. आमच्या यॉर्कशरात 'कसं काय' विचारलं तर 'तक्रार नाही' एवढंच उत्तर असतं. दोन्ही पाय मोडून रस्त्यात पडलेला माणूससुद्धा 'तक्रार नाही' म्हणतो आणि वर 'तुमचं कसं काय' विचारतो. अनोळखी बाईने कागद दिला, त्यावर आपली दुखणी लिहायची म्हणजे काय? पण बारा आठवडे एकत्र घाम गाळला, चहा प्याले, एकमेकांना पडताना सावरलं, आणि माणसं मोकळी झाली. बाराव्या आठवड्यात त्यांनी खरं लिहिलं. म्हणजे वर्ग जितका चांगला झाला, तितका कागदावर वाईट ठरला.

"फॉर्मांची अदलाबदल कर," क्लाइव्ह म्हणाला. "आधीचे नंतर, नंतरचे आधी. कोणाला कळतंय."

मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण डेपोत मी कधी वेळ खोडली नव्हती. मी सगळ्यांना फोन करून एवढंच सांगितलं की साहेब येतील, तेव्हा पहिल्या दिवशी काय हाल होते ते स्पष्ट सांगा. सगळे म्हणाले, हो, नक्की.

गुरुवारी कौन्सिलचे मिस्टर टॉमलिन्सन आले. भला माणूस, फायली छातीशी धरून. मिसेस हार्डकासल कोपऱ्यात बसल्या होत्या आणि चेंडूंचा कप्तान सहज आल्यासारखं दाखवत पावलांनी हॉल मोजत होता.

"तर मिस्टर सगडेन, पहिल्या दिवशी कसे होतात?" टॉमलिन्सननी विचारलं.

"बरा होतो," विल्फ म्हणाला.

"आणि आता?"

"बराच आहे."

"मिस एलरशॉ?"

"छे, माझं काय एवढं," जॉयसबाई म्हणाल्या. "तुम्हाला यायला त्रास नाही ना झाला?"

मी खुणा करत होतो, खाकरत होतो, शेवटी डोकं धरून बसलो. नऊच्या नऊ माणसं अनोळखी सुटासमोर पुन्हा ठणठणीत झाली. टॉमलिन्सननी पेनाला टोपण लावलं. "मिस्टर बिनन्स, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण या कागदांवरून मी काय लिहू?"

मला फक्त एवढंच दिसत होतं की पुढच्या गुरुवारी दहा वाजता नोरीनला कुठे जायला नसेल. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नसेल. आणि तिचं चालणं आठवड्याआठवड्याने पुन्हा बिघडत जाईल, आणि मी ते बघत बसेन.

तेवढ्यात नोरीन म्हणाली, "माझा पहिला फॉर्म खोटा आहे."

सगळे तिच्याकडे वळले.

"फेब्रुवारीत एका सकाळी मी याच्यासाठी चहा घेऊन निघाले," ती टॉमलिन्सनना सांगायला लागली. "स्वयंपाकघराच्या दारात पाय अडकले. पन्नास मिनिटं मी तिथे उभी होते, कप हातात धरून. हा मागे काचघरात टोमॅटोचं बी पेरत होता."

"मग हाक का नाही मारलीस?" मी विचारलं. हॉल भरलेला आहे हे मी विसरलो होतो.

"तू शीळ घालत होतास," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून पहिल्यांदाच. म्हटलं, घालू दे. मग पाय सुटले, मी चहा आणून दिला, आणि तू म्हणालास, गार झालाय." मग तिने टॉमलिन्सनकडे पाहिलं. "फॉर्म हाच गोळा करणार होता. हा वाचणार, मला माहीत होतं. म्हणून सगळीकडे शून्य लिहिलं."

मला तो चहा आठवत होता. मी खरंच तसं म्हणालो होतो.

मग विल्फ खाकरला. "पन्नास मिनिटांचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "मी आंघोळीच्या टबात चार तास होतो. बाहेर निघताच येईना."

"अगंबाई, पाणी गार झालं असेल," जॉयसबाई म्हणाल्या.

"पाणी होतंच कुठे? नळ सोडायला वाकलो तेव्हाच तर अडकलो."

आणि बांध फुटला. जॉयसबाईंनी सांगितलं की त्या आठ महिने पोस्टात गेल्या नव्हत्या, कारण सही मुंगीएवढी बारीक यायची आणि खिडकीवर त्यांचाच जुना विद्यार्थी बसतो, ज्याला त्यांनी अक्षरावरून छड्या मारल्या होत्या. कोणी कुत्र्याला फिरवायला गेलं होतं, आणि कुत्र्यानेच त्याला परत आणलं होतं. एकाला पाच मिनिटं मिळाली तर दुसरा सहा मागायला लागला. पन्नास-साठ वर्षांच्या साठलेल्या तक्रारी होत्या, एका सकाळी बाहेर पडत होत्या. मिसेस हार्डकासलसुद्धा म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याचं आजवर कोणी विचारलं नाही," आणि सांगायला लागल्या, तोंडाने, चिठ्ठीशिवाय. चेंडूंचा कप्तान खुर्ची ओढून पाठीचं सांगायला बसला.

टॉमलिन्सन भराभर लिहीत होते. शेवटी त्यांनी हात वर केला. "हे सगळं ऐकून मला पटलं," ते म्हणाले. "पण कार्यालयाला पटायला हवं. पहिल्या दिवसांची काही नोंद? कुठलाही आकडा?"

नोरीनने एवढं सांगितल्यावर मला गप्प राहण्याची लाज वाटली. मी खिशातून वही काढली. डेपोतली सवय. पहिल्या आठवड्यापासून मी प्रत्येकाचा गाडीच्या दारापासून हॉलच्या आतल्या खुर्चीपर्यंतचा वेळ लिहून ठेवत होतो. कोणाला दाखवली नव्हती, कारण लंगडणाऱ्या माणसावर घड्याळ लावणं याहून मोठा असभ्यपणा आमच्याकडे नाही. विल्फ, पहिला आठवडा, अकरा मिनिटं दहा सेकंद. बारावा आठवडा, तीन मिनिटं पाच सेकंद. नऊ माणसं, बारा गुरुवार, एकही खाडाखोड नाही.

"आम्हाला मोजत होतास तू?" विल्फ म्हणाला. मग जरा थांबून, "तीन-पाच? खरंच?" आणि त्याने ती वही सगळ्यांना फिरवून दाखवली.

नोरीनकडे वही आली तेव्हा तिने पहिलं पान उघडलं. "हॉलच्या दारात सहा मिनिटं," तिने वाचलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"मी पुढे जाऊन खुर्च्या मांडत होतो, कान दाराकडे, डोळे घड्याळाकडे. वळून पाहिलं नाही," मी म्हणालो. "तुला आवडलं नसतं."

तिने वही मिटून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली, आणि मग डोळे पुसून मला वेड्या म्हणाली.

अहवालात टॉमलिन्सननी लिहिलं की 'पहिले फॉर्म स्थानिक शिष्टाचारामुळे ग्राह्य धरू नयेत, वहीतल्या नोंदी धराव्यात.' गुरुवार तीन वर्षं आमचा झाला. मी हॉलमध्ये विल्फला मिठी मारली, आमच्या गावात दोन पुरुषांनी मारलेली ही बहुधा पहिलीच मिठी, आणि आम्हा दोघांनाही नंतर हवेबद्दल बोलावं लागलं. आता वर्गात तेवीस माणसं आहेत. दहावी आली ती गुडघा घेऊन, मिसेस हार्डकासल.

पण खरी गोष्ट घरात झाली. आता नोरीन अडकली की हाक मारते. "अर्नेस्ट, अडकले." दिवसातून तीनदा, चारदा. आवाज असा खणखणीत की क्लाइव्ह कुंपणापलीकडून म्हणाला, गल्लीभर ऐकू जातं, लोक काय म्हणतील. म्हटलं, म्हणू देत. मी असेन तिथून, असेन तसा धावत जातो, तिच्या पावलापुढे माझं पाऊल आडवं ठेवतो, ती ते ओलांडते, आणि दोघं चालायला लागतो. आयुष्यात माझ्या नावाची हाक मला इतकी कधी आवडली नव्हती.

काल काचघरात बराच वेळ काही ऐकू आलं नाही म्हणून मी न बोलावताच आत गेलो. ती दारात उभी होती, हातात कप, नजर जमिनीवर, मनातल्या मनात ठेका मोजत.

"मी हाक मारलेली नाही अजून," ती मान वर न करता म्हणाली. "जा बघू परत."

मी निमूट काचघरात जाऊन वाट बघत बसलो.